मुक्कामाचा अभ्यास

२ सप्टेंबर
ठरलं. बायकोच्या शाळेला सहामाहीची सुट्टी लागली की दोघांनी जुन्या राजधानीला जायचं. आठवडाभर. बिचारी इतकी वर्षं पोरींना इतिहास शिकवते. त्या शहराचा वेढा शिकवते, तह शिकवते, राजवाड्यातला दुहेरी जिना फळ्यावर काढून दाखवते, आणि स्वतः एकदाही तिथं गेलेली नाही. आज जेवताना जाहीर केलं की राहायचं कुठं हे खातं माझ्याकडं. तिनं फक्त बॅग भरायची. ही म्हणाली, बघा, झेपेल ना?
झेपेल ना म्हणजे काय?

३ सप्टेंबर
लोक फिरायला जातात म्हणजे काय करतात? स्टेशनात उतरतात, समोर दिसेल त्या लॉजमध्ये शिरतात आणि घरी येऊन शहराला नावं ठेवतात. वस्ती चुकली की शहर चुकलं. हे वाक्य आज ऑफिसात सुचलं. सबंध नोकरी नगररचना खात्यात नकाशे काढण्यात गेली, तेव्हा हे मला नाही कळायचं तर कुणाला? साहेबांनाही ऐकवलं. साहेब म्हणाले, रस्तारुंदीच्या नकाशाचं काय झालं.

५ सप्टेंबर, सकाळी
मेहुणीचा फोन. हिची धाकटी बहीण लग्न झाल्यापासून त्याच शहरात आहे, नव्या भागात. दर वेळी तीच आमच्याकडं यायची, आमचं जाणं कधी झालं नाही. आमच्याकडंच उतरा म्हणे. ही हो म्हणायच्या बेतात होती. मी समोरून हातानं खूण केली. कळवते म्हणाली आणि फोन ठेवला.
कारणं स्पष्ट आहेत. नवा भाग म्हणजे कुठल्याही शहराचा नवा भाग. तिथं राहून इतिहास दिसत नाही, पार्किंग दिसतं. आणि दुसरं म्हणजे साडू. माणूस वाईट नाही. पण आमच्या लेकीच्या लग्नात, ऐन गडबडीत, मला कोपऱ्यात घेऊन यानं मोबाइलवर नव्या फ्लॅटचे फोटो दाखवले. त्यातले निम्मे लिफ्टचे. वर विचारतो, तुमच्याकडं अजून जिनाच का? तेव्हाच मनाशी ठरवलं, या माणसाच्या उंबऱ्याला पाय लावायचा नाही.
त्या लग्नानंतर बहिणी-बहिणींची गाठ नाही हे खरं. पण फोन असतात की त्यांचे.

९ सप्टेंबर
शहराचा नकाशा छापून आणला. जेवणाच्या सुट्टीत, ऑफिसच्या मोठ्या मशिनवर. उंचसखलपणाच्या रेषा आधी काढून टाकल्या, नुसती गिचमीड होत होती. आता कसा स्वच्छ दिसतो. समोरच्या खोलीच्या भिंतीवर लावला. थोडा कपाटाच्या दारावर येतो. ही म्हणाली, कपाट उघडायचं कसं? म्हटलं, महिनाभर गरजेपुरतंच उघड.

१४ सप्टेंबर
स्टेशनचा भाग बाद. गोंगाट.
नदीकाठ विचाराधीन. नाव काव्यमय, पण ओल असणार.
विद्यापीठाचा भाग: तरुण मुलं, पुस्तकांची दुकानं. मोकळं वातावरण. माझ्या स्वभावाला जवळचं.
जुन्या तटबंदीच्या आतला भाग: यावर लाल पेन्सिलनं गोल केला. गल्ल्या जुन्या, घंटाघर शेजारी, आणि राजवाडा नकाशावर जेमतेम दोन बोटांवर.
हिनं विचारलं, चढ किती आहे? डॉक्टरांनी गुडघ्याला जपायला सांगितलंय. मी नकाशाकडं बोट केलं. अगदी सपाट.

२० सप्टेंबर
लेकीचा फोन. बाबा, एवढं कशाला, मोबाइलवर एका मिनिटात खोली मिळते, लोकांनी अभिप्राय लिहिलेले असतात. मी म्हटलं, शहर कळायला आयुष्य जातं. ती म्हणाली, तुम्ही आठ दिवस जाताय.
तरी मन मोठं करून अभिप्राय वाचले. तटबंदीच्या आतल्या एका घराबद्दल सगळ्यांनी चांगलं लिहिलंय. एकानंच लिहिलंय की घर उत्तम, पण पोचेपर्यंत दम निघाला. जाड असावा.

२७ सप्टेंबर
त्याच घराच्या मालकीणबाईंशी बोललो. एकट्या राहतात, पूर्वी दवाखान्यात नर्स होत्या. मी मुद्दे काढूनच फोन लावला होता. खोली तळमजल्यावर आहे ना? आहे. राजवाड्याचा घुमट दिसतो का? दिसतो. शांतता? बाई म्हणाल्या, माझी कधी तक्रार नाही.
झालं काम. याला म्हणतात नियोजन. हिला सांगितलं तेव्हा ही कपाटातून स्वेटर काढायच्या खटपटीत होती. नकाशा खालून थोडा फाटला. नदीकाठच गेला, म्हणजे तो प्रश्नही सुटला.

२४ ऑक्टोबर
पोचलो.
टॅक्सीवाल्यानं वेशीपाशी सोडलं. आत गाडी जात नाही म्हणाला. मी म्हटलं, दोन बोटांचं तर अंतर. तो म्हणाला, कुणाची बोटं?
वेशीतून आत गेल्यावर रस्ता नाही, पायऱ्याच. वळण आलं की वाटतं संपल्या, तर पुढं आणखी. दोन्ही बॅगा मी घेतल्या होत्या. पहिल्या वळणाला एक खाली ठेवली, दुसऱ्या वळणाला दोन्ही. ही प्रत्येक वळणावर कठड्यावर टेकायची, गुडघा चोळायची आणि या बुरुजावरून कोणी कोणावर तेल ओतलं ते सांगायची. मला त्या वेळी वेढा घालणाऱ्यांची बाजू पटत होती.
घरी पोचलो तर मालकीणबाई दारातच. खोली तळमजल्यावरच आहे, बाई खोटं बोलल्या नाहीत. तळच वर आहे.
बाईंनी माझ्याकडं पाहिलंही नाही. हिला खुर्चीत बसवलं, गुडघा पाहिला, गरम पाण्याची पिशवी आणली. मला म्हणाल्या, बॅगा पलंगाखाली सरकवा.

२५ ऑक्टोबर, सकाळी
घंटाघर शेजारी आहे. घंटाघर दर पाव तासाला ठोके देतं. हे नकाशात येत नाही, त्यामुळं माझी चूक म्हणता येणार नाही. ही गाढ झोपली. शाळेच्या घंटेत आयुष्य गेलेल्या माणसाला काय कळणार?
घुमटाबद्दल बाईंना विचारलं. त्यांनी मागच्या अंगणात नेलं, दोरीवरची चादर बाजूला केली. दिसला. टोपीएवढा. चादरी वाळल्या की आणखी दिसतो म्हणाल्या.
विचारांती ठरवलं, वस्ती चुकली. दुरुस्ती आजच व्हायला हवी.

दुपारी
जागा बघायला नदीकाठी जाऊन आलो. उतरायला काही नाही, चढायला जीव गेला. येऊन बघतो तर ही खोलीत नाही. थोड्या वेळानं पाव आणि संत्री घेऊन हसत आली. अंगणाच्या मागच्या दारातून म्हणे सपाट रस्ता निघतो, सरळ राजवाड्यापर्यंत. बाजारही त्यावरच. ही जाऊन फाटक बघून आली. आत गेली नाही, म्हणाली, पहिल्यांदा तुमच्याबरोबर बघेन म्हटलं.
मी म्हटलं, राजवाडा कुठं पळून जात नाही. आधी मुक्काम नीट लागू दे. नदीकाठी एक खोली मिळतेय.
ही संत्रं सोलत होती. सोलून झालं, फोडी केल्या, निम्म्या माझ्यापुढं ठेवल्या. मग म्हणाली, तुम्ही जा. राहून बघा. पसंत पडलं की सांगा, मी येते. माझा गुडघा आता कुठं बरा वाटतोय.
समजूतदार आहे. चाचणी आधी एकानंच करायची असते.

२६ ऑक्टोबर, नदीकाठ
खिडकीखाली नदी. नावा. पलीकडच्या काठावर झाडं. हेच ते. हिला फोन करून सांगितलं की शहराचा आत्मा नदीत असतो. ही म्हणाली, जेवलात का?
गादी ओली नाही, दमट आहे. मालकाला सांगितलं. तो म्हणाला, नदीकाठी राहायचं आणि कोरडंही राहायचं, दोन्ही कसं जमणार?

२७ ऑक्टोबर, नदीकाठ
शिंका. पंधरावीस एका दमात. टॉवेल काल वाळत घातला, आज जास्त ओला.
हिचा फोन. राजवाडा पाहून आली. पहिल्यांदा माझ्याबरोबर बघणार होती, पण उद्यापासून दुरुस्तीसाठी एक भाग बंद राहील अशी पाटी लागली होती, म्हणून गेली. जिना खरोखर आहे म्हणाली. एका बाजूनं चढणारा आणि दुसऱ्या बाजूनं उतरणारा एकमेकांना दिसत नाहीत. पण मी फळ्यावर काढते त्याच्या उलट बाजूनं वळतो. इतकी वर्षं चुकीचा काढत होते, म्हणाली आणि खूप वेळ हसली. मी म्हटलं, शाळेत कुणाला सांगू नकोस. ती म्हणाली, अहो, पहिल्याच तासाला सांगणार आहे.
मागं आणखी कुणीतरी हसत होतं. मालकीणबाईंचा टीव्ही असावा.
तिनं माझ्याशिवाय राजवाडा पाहिला याचं मला काही वाटलं नाही. ती प्रेक्षणीय स्थळं बघतेय, मी शहर समजून घेतोय. दोन वेगळ्या गोष्टी आहेत.
दुपारभर खिडकीत बसलो. नावा येतात. जातात.

२८ ऑक्टोबर, विद्यापीठ भाग
इथं यायला हवं होतं आधीच. कोरडी भिंत. पुस्तकांची दुकानं. मालकानं मला प्राध्यापक समजून नमस्कार केला. मी खुलासा केला नाही.

त्याच दिवशी, चार वाजता
वरच्या मजल्यावर मुलं नाटकाची तालीम करतात. नायक मरतो तो प्रसंग चालू आहे. दुपारपासून मरतोय. दर खेपेला कुणीतरी म्हणतं, नाही जमलं, पुन्हा. मग तो धाडकन माझ्या डोक्यावर पडतो. शेवटी मी खिडकीतून मान वर करून सांगितलं, बाळा, लवकर मर आणि मोकळा हो. वरून टाळ्या पडल्या. नंतर एक मुलगी खाली आली आणि विचारू लागली, काका, म्हाताऱ्या राजाचं काम कराल का, बसूनच आहे, बोलायचं काही नाही.
नाही म्हटलं. थोडा विचार करून म्हटलं.
हिला फोन लावला, लागला नाही. परत लावला. उचलून म्हणाली, आम्ही संग्रहालयात आहोत, नंतर करते. आम्ही?

२९ ऑक्टोबर
सर्व वस्त्यांचा तौलनिक अभ्यास पूर्ण झाला. निष्कर्ष: तटबंदीच्या आतला भागच सर्वोत्तम. म्हणजे माझी पहिली निवडच बरोबर होती. हे सांगायला आज पायऱ्या चढून परत गेलो. सपाट रस्ता मागच्या बाजूनं आहे हे अर्ध्यात आठवलं.
दार उघडं होतं. माझ्या पलंगावर मेहुणी बसली होती.
बहीण एकटीच आहे हे कळल्यावर परवाच आलीय म्हणे, कपडे घेऊन. दोघी एका पलंगावर पाय वर घेऊन बसल्या होत्या, मध्ये शेंगदाण्यांची टरफलं, आणि दोघींचे डोळे ओले. आधी वाटलं काहीतरी वाईट झालं. तर हसून हसून ओले. कुणा मावशीच्या छत्रीवरून. मला सांगायला लागल्या, पण निम्म्यात पुन्हा सुरू झाल्या. हिला असं हसताना मी शेवटचं कधी पाहिलं, हे आठवायचा प्रयत्न केला. शिंक आली.
शिंक ऐकून मालकीणबाई आल्या. माझं नाक पाहिलं, डोळे पाहिले. म्हणाल्या, हे इथं नको, दोघींना लागेल. दुसरी खोली? नाही. ओटी? ओटीवर वारा आहे. मग मेहुणी म्हणाली, भावजी, आमचं घर रिकामंच आहे, हे एकटेच आहेत, तुम्ही तिकडं जा ना. मी हिच्याकडं पाहिलं. ही माझी बॅग बघत होती. म्हणाली, उघडू नका, तशीच घेऊन जा.

त्याच दिवशी, संध्याकाळी, साडूच्या घरी
लिफ्ट चांगली आहे. तसं त्याला सांगितलेलं नाही.

३० ऑक्टोबर
साडूनं सकाळी अंडी केली. एक बाजू काळी, एक बाजू कच्ची. माझ्यापुढं ठेवून बघत उभा राहिला. मी म्हटलं, बरी आहेत. तो म्हणाला, तीन दिवस हेच खातोय.
दुपारी त्यानं माझ्यासाठी वाफारा केला, पातेलं, टॉवेल सगळं. मी टॉवेलच्या आत असताना तो बाहेरून बोलत होता. माणसाला समोरचा दिसत नसला की बरं बोलता येतं असं दिसतं. म्हणाला, ही फोनवर ताईशी बोलते आणि मग स्वयंपाकघरात जाऊन भांडी लावत बसते. एक दिवस विचारलं काय झालं, तर म्हणाली, भावजींना आपलं घर आवडत नाही. मग मला सरळच विचारलं, लिफ्टचं लागलं का तुम्हाला? मी तेव्हा नुसतं बोलायचं म्हणून बोललो होतो. तुमच्याशी काय बोलावं मला कळत नाही, तुम्ही नकाशेवाले.
मी आतून म्हटलं, छे, लिफ्टचं कसलं.
वाफेनं डोळ्यांतून पाणी येतं.
संध्याकाळी कळलं की इतकी वर्षं या शहरात राहून साडू एकदाही तटबंदीच्या आत गेलेला नाही. तिकडं गाडी लावता येत नाही म्हणे. म्हणजे या शहराबद्दल त्याला माझ्याइतकीसुद्धा माहिती नाही. मग त्याला जेवणापर्यंत सगळ्या वस्त्या समजावून सांगितल्या. चांगला श्रोता आहे. मध्ये एकदा डुलकी लागली, पण मान होकारार्थी हलत होती.

३१ ऑक्टोबर
राजवाडा. दोघींनी अकरा वाजता जिन्यापाशी या म्हणून सांगितलं होतं. आम्ही साडेदहालाच पोचलो, कारण मी साडूला सांगितलं होतं की जुन्या शहरात वेळ वेगळा लागतो. दोघी दिसेनात. वर गेल्या असतील म्हणून आम्ही चढायला लागलो.
मध्यावर भिंतीत एक झरोका आहे. तिथं पोचलो आणि पलीकडच्या जिन्यातून हिचा आवाज आला. वेढ्याचं सांगत होती. राणी कशी या बाजूनं खाली उतरली आणि शिपाई त्या बाजूनं वर चढत होते, मध्ये एक वीतभर भिंत, आणि कुणाला कुणाचा पत्ता नाही. मी झरोक्यातून डोकावलो. ही दिसत नव्हती. दिसत होती ती अनोळखी माणसं, पायऱ्यांवर दाटीनं उभी. एका बाईनं कडेवरचं पोर दुसऱ्या कडेवर घेतलं, पण नजर हलवली नाही. एका माणसानं काहीतरी विचारलं. ही म्हणाली, ते मला माहीत नाही, पण विचारलंत ते बरं केलंत.
घरात ही इतकं बोलत नाही. म्हणजे बोलते, पण मी बहुधा नकाशा बघत असतो. इतक्या वर्षांत हिचा एकही तास मी ऐकला नव्हता. साडू म्हणाला, चला वर. मी म्हटलं, थांब जरा.
वर पोचेपर्यंत त्या खाली गेल्या होत्या. खाली आलो तर त्या आम्हाला शोधायला वर. असं बराच वेळ चाललं. शेवटी पहारेकऱ्यानं आम्हा दोघांना एका बाकावर बसवलं आणि हलू नका म्हणून सांगितलं. दोघी आल्या तेव्हा त्यांच्या मागं ती सगळी माणसं होती. त्यातल्या एकानं हिला विचारलं, उद्याही असता का तुम्ही? मी पुढं होऊन सांगितलं की ही माझी मिसेस. त्यानं माझ्या हातात हात दिला आणि विचारलं, तुम्ही तिकिटं देता का?

१ नोव्हेंबर, रेल्वेत
परतीचा प्रवास. साडू स्टेशनवर आला होता, बॅग त्यानंच चढवली. गाडी सुटताना म्हणाला, आता घर माहीत झालंय. मी म्हटलं, हो.
सर्दी गेली. ही खिडकीशी बसून एका कागदावर जिना काढतेय, बरोबर बाजूनं. दोनदा खोडला.
एकंदरीत दौरा यशस्वी. एका खेपेत चार वस्त्यांत राहिलेला माणूस सापडणं कठीण. लेखच लिहायला हवा. हिला विचारलं, तुला सगळ्यात काय आवडलं? म्हणाली, खोली. मालकीणबाईंची. मला बरं वाटलं, शेवटी शोधली कुणी?
मग ही म्हणाली की दोघी बहिणींनी तीच खोली उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी आताच सांगून ठेवलीय. महिनाभर. बाईंनी दोन्ही पलंगांना नव्या गाद्या करायचं कबूल केलंय. मी विचारलं, आणि मी? ही कागदावरून मान वर न करता म्हणाली, या की. तुम्हाला कोण नाही म्हणतंय? फक्त तुमच्या राहण्याचं तेवढं तुम्ही बघा.
म्हणजे निवडीचं काम पुन्हा माझ्याकडंच आलं. घरी पोचलो की नकाशा नवा छापून घ्यायला हवा.